कोविड-१९ टाळेबंदी आणि पर्यावरणीय ध्वनी

२०२० साली कोविड-१९ महासाथीला आळा घालण्यासाठी लागू झालेल्या टाळेबंदीमुळे जगाच्या अनेक भागांत वाहतूक, उद्योग, बांधकाम व पर्यटन यांतून निर्माण होणारा गोंगाट अल्पावधीत घटला. एखाद्या ठिकाणी ऐकू येणाऱ्या नैसर्गिक व मानवनिर्मित आवाजांच्या एकत्रित स्वरूपास 'ध्वनिपरिसर' असे म्हणतात. टाळेबंदीत या आवाजांची पातळी आणि परस्परप्रमाण दोन्ही बदलले. मानवी हालचाली थंडावल्याच्या या कालखंडासाठी क्रिस्टियन रुट्झ व सहकाऱ्यांनी 'अँथ्रोपॉज' ही संज्ञा सुचवली.

मोजमाप

वाहने, रेल्वे व यंत्रे यांमुळे जमिनीत सूक्ष्म कंपने निर्माण होतात व ती भूकंपमापकांवर नोंदली जातात. बेल्जियमच्या रॉयल वेधशाळेतील थॉमस लेकॉक यांच्या नेतृत्वाखालील गटाने २६८ केंद्रांच्या नोंदी तपासल्या. ही मानवनिर्मित कंपने काही ठिकाणी ५० टक्क्यांपर्यंत घटल्याचा त्यांचा निष्कर्ष २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लंडनमधील ११ ठिकाणी २०१९ च्या तुलनेत ध्वनिपातळी सरासरी ५.४ डेसिबलने कमी आढळली. डेसिबल हे लघुगणकीय मापन असल्यामुळे या घटीचा अर्थ ध्वनिऊर्जा एक-तृतीयांशाहूनही कमी उरली, असा होतो.

प्राण्यांवरील परिणाम

सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसरातील व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या पक्ष्याचा अभ्यास एलिझाबेथ डेरीबेरी व सहकाऱ्यांनी केला. त्या काळात तेथील गोल्डन गेट पुलावरील वाहतूक १९५० च्या दशकाइतकी विरळ झाली होती. पक्षी अधिक मोठ्याने गात असल्याचा अनेकांचा समज झाला होता. प्रत्यक्षात ते पूर्वीपेक्षा हळू आवाजात गात होते. तरीही पार्श्वभूमीचा गोंगाट ओसरल्याने त्यांचे गाणे सुमारे दुप्पट अंतरापर्यंत पोहोचत होते. न्यूझीलंडच्या हौराकी आखातात लहान बोटींची ये-जा थांबताच पाण्याखालील आवाज घटला आणि मासे व डॉल्फिन यांच्या संवादाचा पल्ला वाढला.

शांतता आणि तक्रारी

ध्वनिपातळी घटली म्हणून तक्रारी घटल्या, असे सर्वत्र घडले नाही. लंडनमध्ये २०२० च्या वसंत ऋतूत गोंगाटाविषयीच्या तक्रारी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४८ टक्क्यांनी वाढल्या. त्यांत शेजाऱ्यांच्या आवाजाविषयीच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. लोक दिवसभर घरातच होते आणि वाहतुकीच्या आवाजाखाली एरवी झाकले जाणारे आवाज आता स्पष्ट ऐकू येत होते, ही दोन कारणे यामागे संभवतात.

भारतातील स्थिती

भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. महानगरांतील रहदारीच्या भागांत एरवी या मर्यादा वारंवार ओलांडल्या जातात. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत असताना आलेल्या त्या वर्षीच्या गणेशोत्सवात महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक मूर्तींची उंची चार फुटांपर्यंत मर्यादित केली व मिरवणुकांवर निर्बंध घातले. मुंबईतील लालबागचा राजा मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता 'आरोग्योत्सव' साजरा केला.

मर्यादा व अन्वयार्थ

टाळेबंदीचा परिणाम ठरवण्यासाठी त्याच ठिकाणच्या आधीच्या नोंदी आवश्यक असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय ध्वनिमापन जाळ्यात सात महानगरांतील ७० केंद्रे होती. लहान शहरे व ग्रामीण भाग त्याबाहेर होते. त्यामुळे तेथील बदलाची तुलना करणे अवघड ठरते.

ही शांतता रोजगार व दैनंदिन व्यवहार बंद पडून आली असल्याने तिला ध्वनिनियंत्रणाचा आदर्श मानता येत नाही. तथापि, शहरी गोंगाटातील वाहनांचा वाटा तिने मोजून दाखवला. जड धातू वा प्लास्टिक यांच्याप्रमाणे ध्वनी पर्यावरणात साचून राहत नाही. स्रोत थांबताच तो थांबतो. याच कारणाने निर्बंध उठून वाहतूक पूर्ववत होताच गोंगाटही परतला.