फाटा कितव्या वर्षी फुटतो?

परदेशातल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "तिकडच्या मुलांना साधे पाढे येत नाहीत." दुसरा म्हणतो, "तिकडे मुलं हसतखेळत शिकतात, इथे नुसती घोकंपट्टी." दोन्ही पक्षांचे पुढारी आपल्या घरातच आहेत, त्यामुळे नावं घेत नाही! पण या वादात एक प्रश्न नेहमी राहून जातो असं मला वाटतं. मुलाची वाट कितव्या वर्षी ठरते, आणि ती चुकली तर परत फिरता येतं का?

जर्मनीचं बघा. तिथे बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत). मग मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. 'गिम्नाझिउम'मध्ये बारावी-तेरावीला 'आबिटूर' ही परीक्षा देऊन थेट विद्यापीठात जाता येतं. बाकीच्यांसाठी 'रेआलशूले' आणि 'हाउप्टशूले', ज्या आता बऱ्याच राज्यांनी एकत्र केल्या आहेत. बव्हेरियात तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच सरळ गिम्नाझिउम. (तिथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास.) म्हणजे दहा वर्षांच्या पोराला दशांश चिन्हापुढच्या आकड्याची धास्ती!

२००० साली 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. २००१ च्या शेवटी निकाल लागला तेव्हा जर्मनी सरासरीच्याही खाली निघाला. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे मुलाचं यश त्याच्या घरावर किती अवलंबून आहे, यात जर्मनी अगदी वरच्या देशांत होता. दहाव्या वर्षी निवड करायची म्हणजे बरेचदा मुलाची नव्हे, आईवडिलांची परीक्षा घ्यायची.

फिनलंडमध्येही पूर्वी साधारण अकराव्या वर्षी अशीच फारकत होत असे. १९७२ ते १९७७ या काळात, उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरुवात करून, त्यांनी सगळ्या मुलांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आणली. तरीही गणित आणि परभाषांसाठी आत वेगळे गट होतेच, ते १९८५ मध्ये बंद केले. आता फाटा फुटतो सोळाव्या वर्षी. एक वाट पुस्तकी शिक्षणाची, दुसरी हाताच्या कामाची, आणि दोन्हीकडून पुढे उच्च शिक्षणाला जाता येतं. २०२१ पासून शिक्षण अठरा वर्षांपर्यंत सक्तीचं आहे. अर्थात फिनलंडचेही पिसातले गुण २००६ नंतर घसरत गेलेत, त्यामुळे आरती ओवाळायचं कारण नाही. शिवाय सगळा देश मिळून छप्पन्न लाख वस्ती, तेव्हा महाराष्ट्राशी थेट तुलना चालणार नाही, हेही कबूल.

मग आपला फाटा कुठे? कागदावर दहावीनंतर. कला, वाणिज्य, विज्ञान नाहीतर आयटीआय. पण खरं सांगा, तो तिथे फुटतो का? मला वाटतं तो फुटतो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, नर्सरीच्या प्रवेशाला. जिल्हा परिषदेची शाळा की इंग्रजी माध्यम, राज्य बोर्ड की सीबीएसई, वर्षाची फी किती... जर्मन लोक निदान दहाव्या वर्षापर्यंत थांबतात आणि मुलाचे गुण तरी बघतात. आपण वडिलांचा पगार बघतो.

आणि परतीची वाट? जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात काम करतो, काही दिवस शाळेत जातो, आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. पुढे तो 'मास्टर' कारागीर झाला, तर २००९ च्या निर्णयापासून त्याला आबिटूरशिवाय विद्यापीठाचं दार उघडं आहे. आपल्याकडेही वाटा आहेत. रात्रशाळा आहेत, १७ नंबरचा फॉर्म आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पण त्या वाटेने आलेल्याकडे आपण कसं बघतो? आमच्या ओळखीतला एक मुलगा आयटीआयमधून फिटर झाला, नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाला. लग्न ठरवताना पहिला प्रश्न आला, "रेग्युलर डिग्री नाही का?" दार सरकारने उघडं ठेवलं होतं, कडी आपण लावली.

म्हणून माझं मत साधं आहे. दुसऱ्या देशाची नक्कल करायचीच असेल, तर बाकं आणि गणवेश नको, हे दोन धडे घ्यावेत. फाटा जितका उशिरा फुटेल तितकं बरं. आणि फुटल्यावर मागे यायला रस्ता हवा, मान खाली न घालता चालता येईल असा. पहिलं काम सरकारचं, त्याला पैसा आणि वर्षं लागतील. दुसरं मात्र आपल्याच हातात आहे. या वर्षी दहावीच्या निकालाला नात्यात फोन कराल तेव्हा "किती टक्के?" विचारून झाल्यावर "पुढे काय करावंसं वाटतंय?" एवढं नक्की विचारा, आणि उत्तर 'आयटीआय' आलं तर आवाज बदलू देऊ नका.

असो. परदेशात मुलं शाळेत घातलेले बरेच जण इथे आहेत. तुमच्याकडे फाटा कितव्या वर्षी फुटतो, जरूर कळवा.