ग्रंथाची ओळख आणि ग्रंथाचा क्रमांक

मराठी ग्रंथप्रकाशनाचा भूगोल गेल्या काही वर्षांत बदलला आहे. एके काळी प्रकाशनसंस्था म्हटली की मुंबईत गिरगाव-ठाकुरद्वार आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक हीच ठिकाणे डोळ्यांपुढे येत. छापखाना, बांधणीकार आणि विक्रेता यांच्या सान्निध्यावाचून प्रकाशकाचे पाऊल पुढे पडत नसे. आज ही अट उरलेली नाही. ठाण्याच्या माजिवड्यापासून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीवरून गायमुखाकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडवरील एखाद्या सदनिकेत, एका संगणकाच्या आधारे, शंभर-दोनशे प्रतींचा कवितासंग्रह किंवा प्रबंधाचे ग्रंथरूप सिद्ध होऊ शकते. मोठ्या संस्थांनी नाकारलेल्या लेखनाला यामुळे वाट मिळाली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि अशा नव्या, स्वतंत्र प्रकाशकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : आयएसबीएन कसा मिळवावा? हा प्रश्न गैर नाही, परंतु तो अपुरा आहे. क्रमांक मिळाला म्हणजे ग्रंथाची नोंद झाली, हा समज मराठीच्या ग्रंथेतिहासाला पुढे महाग पडण्याचा संभव आहे.

ग्रंथाच्या नोंदीचा इतिहास आपल्याकडे सत्तेच्या संशयातून सुरू झाला. १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, मुद्रणालये व ग्रंथनोंदणी यांविषयीचा कायदा आला. प्रत्येक ग्रंथावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, आणि ग्रंथ प्रकाशित होत असल्यास प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे त्याने बंधनकारक केले. मुद्रकाने ठरावीक मुदतीत सरकारकडे प्रती द्याव्यात आणि त्यांवरून शीर्षक, भाषा, लेखक, विषय, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत व स्वामित्वाधिकार यांची नोंद करून ती त्रैमासिक सूचीच्या रूपाने प्रसिद्ध व्हावी, अशी व्यवस्था होती. कोण काय छापतो यावर नजर ठेवणे हा तिचा एक उद्देश उघड होता. परंतु कालांतराने हीच टिपणे साहित्येतिहासकाराचे साधन ठरली. एखादे पुस्तक किती प्रतींत निघाले आणि काय किमतीला विकले गेले, हे सांगणारे दुसरे साधन अनेकदा उपलब्धच नसते. या सरकारी सूचींच्या पलीकडे, शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ने १८०० पासून १९३७ पर्यंतचा आणि पुढील खंडाने १९५० पर्यंतचा मराठी ग्रंथसंभार एका दृष्टिक्षेपात आणला. मराठीचा कोणताही संशोधक आजही या सूचीपासूनच आरंभ करतो.

नोंदीचे मोल काय असते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यामागे कोणतीही मातब्बर प्रकाशनसंस्था नव्हती. महात्मा फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्याची दखल घेतली, पण नंतर हा ग्रंथ जवळजवळ विस्मरणात गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला, तेव्हा मराठी स्त्रीवादी विचाराच्या इतिहासाची मांडणीच बदलली. हे शक्य झाले ते ग्रंथाची प्रत टिकली म्हणून, आणि त्या प्रतीवर छापखाना, गाव व साल होते म्हणून. शीर्षकपृष्ठ नसलेली, साल नसलेली एखादी पुस्तिका हाती आली असती तर तिचा काळ ठरविण्यातच अभ्यासकांची शक्ती खर्ची पडली असती.

या मुद्द्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो मराठीपुरता महत्त्वाचा आहे. १९५० च्या दशकात सायक्लोस्टाइल करून निघणारे 'शब्द', १९६३ चे 'असो' आणि त्यानंतरची अनियतकालिके यांनी प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराच्या बाहेर राहणे हीच आपली भूमिका मानली. मग स्वतंत्र प्रकाशकाने सरकारी वा आंतरराष्ट्रीय नोंदीच्या मागे का लागावे? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याचा परिणामही पाहिला पाहिजे. अनियतकालिकांचे संपूर्ण संच आज सार्वजनिक ग्रंथालयांत क्वचितच सापडतात. त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला व्यक्तिगत संग्रहांचे दरवाजे ठोठवावे लागतात. प्रस्थापितांना नकार देणे ही वाङ्मयीन भूमिका आहे. पुढच्या वाचकाला पत्ता न देणे हा मात्र त्या भूमिकेचा अपरिहार्य भाग नव्हे.

आजची परिस्थिती या संदर्भात अधिक गंभीर आहे. १८६७ चा कायदा निरस्त करून आलेला २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. तो नियतकालिकांपुरता मर्यादित असून ग्रंथ त्याच्या कक्षेबाहेर आहेत. पाळतीचे एक जुने साधन गेले याबद्दल खेद मानण्याचे कारण नाही. पण मुद्रक-प्रकाशकाचे नाव व स्थळ छापण्याचे दीडशे वर्षांचे बंधनही त्याबरोबर गेले. ग्रंथांच्या बाबतीत उरला तो १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा. त्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, आणि प्रत्येकी एक प्रत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय व दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवावयाची असते. न पाठविल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि ग्रंथाच्या किमतीइतका. इतक्या किरकोळ दंडाचा धाक कोणाला वाटणार? तरीही राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होते ती या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयात आलेल्या ग्रंथांवरून. चार प्रतींचा टपालखर्च वाचविणारा प्रकाशक वस्तुतः आपल्या लेखकाला राष्ट्राच्या सूचीतून वगळत असतो.

आयएसबीएन हे साधन निराळे आहे. ते कायद्यातून आलेले नाही, ग्रंथविक्रीच्या सोयीतून आले आहे. १९७० मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाले आणि २००७ पासून दहाऐवजी तेरा अंकी झाले. त्याचे पाच घटक आहेत : ९७८ वा ९७९ हा पूर्वांक, देश वा भाषागटाचा अंक (भारतासाठी ८१ किंवा ९३), प्रकाशकाचा अंक, ग्रंथाचा अंक आणि शेवटी पडताळ्याचा अंक. भारतीय गटात प्रकाशक व ग्रंथ यांच्या वाट्याला मिळून सात अंक येतात. ज्या लहान प्रकाशकाला सहा अंकी ओळख मिळते, त्याच्यापाशी दहाच ग्रंथांची जागा असते. सजिल्द प्रत, कागदी बांधणीची प्रत आणि ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात. बदल न करता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो. आपल्याकडे हे काम दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था करते आणि त्यासाठी शुल्क आकारत नाही. हा क्रमांक स्वामित्वाधिकार देत नाही. स्वामित्वाधिकार १९५७ च्या कायद्याने लेखनाबरोबरच निर्माण होतो आणि त्याची नोंदणी ऐच्छिक आहे. क्रमांक गुणवत्तेची ग्वाहीही देत नाही.

हे शेवटचे वाक्य महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी बढतीसाठीच्या गुणांकनात आयएसबीएन असलेल्या ग्रंथाला स्थान दिले, आणि ओळखीचे साधन प्रतिष्ठेचे चिन्ह होऊन बसले. ग्रंथ वाचून मूल्यमापन करण्याऐवजी क्रमांक पाहून गुण देण्याची सवय लागली. मागणी निर्माण झाल्यावर पुरवठाही होऊ लागला. शुल्क घेऊन क्रमांकासह पुस्तक काढून देणारे प्रकाशक निघाले, आणि एका प्रकाशकाचा क्रमांक दुसऱ्याच्या पुस्तकावर छापण्याचे प्रकारही घडू लागले. उसन्या क्रमांकाने नोंद होते ती ज्याचा क्रमांक आहे त्याचीच. प्रत्यक्ष प्रकाशक अदृश्य राहतो. अशा अव्यवस्थेची जबाबदारी केवळ प्रकाशकांवर टाकून अध्यापकवर्गाला मोकळे होता येणार नाही.

तेव्हा घोडबंदर रोडवरील नव्या प्रकाशकाकडून अपेक्षा कोणती? कायद्याचे बंधन असो वा नसो, शीर्षकपृष्ठामागे लेखक, प्रकाशक, मुद्रक, गाव, साल, आवृत्ती, प्रती आणि किंमत हा तपशील त्याने छापावा. क्रमांक स्वतःच्या नावाने घ्यावा. चार ग्रंथालयांना चार प्रती पाठवाव्यात. आणि पाचवी प्रत जवळच्या जुन्या ग्रंथालयाला द्यावी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे नोंदणीच्या पहिल्या कायद्याहून तीन वर्षांनी जुने आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे आहे. पाचशे प्रतींपैकी कोणती प्रत शंभर वर्षांनी अभ्यासकाच्या हाती लागेल, हे ताराबाईंना ठाऊक नव्हते. आजच्या प्रकाशकालाही ते ठाऊक असणार नाही. त्याच्या हाती आहे ते एवढेच, की ती प्रत कोठे तरी असावी आणि तिच्यावर तिचे नाव-गाव असावे. मराठी विभागांनीही प्रबंधाच्या संदर्भसूचीत क्रमांकाइतकाच प्रकाशनस्थळ व साल यांचा आग्रह धरला, तर या कामी त्यांचा हातभार लागेल.