कूलरचे पैसे वाचवू नका

डेस्कटॉप अपग्रेड करायचा म्हटलं की सगळे पैसे प्रोसेसरवर ओतायचे आणि कूलर मात्र डब्यात मिळेल तोच लावायचा, ही आपली सवय. मला ती पटत नाही. सुरतेत तर नाहीच.

उधना-लिंबायतकडच्या कितीतरी मराठी घरांत कुणी ना कुणी लूम्सवर रात्रपाळी करतं. आमचे पप्पाही. दिवसा ते झोपतात त्याच खोलीत माझा कॉम्प्युटर चालतो. रात्रभर मागांचा खडखडाट सोसलेल्या कानांना घरी परत घरघर कशाला?

२०१७च्या रायझन ५ १६००च्या जागी, त्याच एएम४ सॉकेटमध्ये, २०२२चा ५६०० बसतो. आधी बायोस अपडेट करायचं, एवढंच. दोन्हींचा टीडीपी ६५ वॅट. म्हणजे वेग वाढला की आवाज वाढणारच, असं काही नाही. आवाज करतो तो छोटा पंखा, जिवाच्या आकांताने फिरून. १२० मिमीचा पंखा तेवढीच हवा सावकाश हलवतो. पंख्याचा वेग निम्मा झाला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मे महिन्यात खोलीच तापलेली असते आणि एअर कूलर म्हणजे काही एसी नव्हे, खोलीपेक्षा थंड तो करणार नाही. म्हणूनच हीटसिंक मोठा हवा. (कॅबिनेटमध्ये मावेल का, ते आधी मोजा!)

मित्र म्हणतात, ५८००एक्सच घे. तो १०५ वॅटचा. असाइनमेंट टाइप करायला तो कशाला? वाचलेले पैसे मी कूलरला लावले. पप्पा आता दुपारी दोनपर्यंत झोपतात.