अळीच्या अंगातले औषध

परभणीजवळच्या पेडगाव शिवारात एका रेशीमशेडमध्ये गेलो होतो. रॅकवर हजारो अळ्या तुतीचा पाला कुरतडत होत्या. पत्र्यावर पावसाची भुरभुर व्हावी तसा आवाज. ही अळी आपल्या अंगातच जंतुनाशक तयार करते, असे मी तिथल्या मावशींना उत्साहाने सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘भाऊ, अंगात औषध हाय, तर मागच्या बॅचला फ्लॅचरीनं मेल्या कशा?’’

प्रश्न बिनतोड होता. पण माझे म्हणणेही खोटे नव्हते. स्वीडनमधील हान्स बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिक्रोपिया नावाच्या पतंगाच्या कोषाला जीवाणू टोचले, तेव्हा त्याच्या रक्तात जीवाणूंचा फडशा पाडणारी छोटी प्रथिने आढळली. १९८१ मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध झाली. ही ‘सिक्रोपिने’ जीवाणूच्या आवरणालाच भोके पाडतात. १९९५ मध्ये जपानी संशोधकांना आपल्या तुती-रेशीम अळीतही असेच ‘मोरिसिन’ सापडले.

पेडगाववरून जाणारा लोहमार्ग पुढे हैदराबादकडे जातो. तिथल्या ‘डीएनए फिंगरप्रिंटिंग आणि निदान केंद्रा’त डॉ. जे. नागराजू यांच्या गटाने टसर अळीला जीवाणू टोचून तिची कोणकोणती जनुके जागी होतात हे तपासले; ते संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही टसर अळी म्हणजे विदर्भात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढते तीच.

मग औषध अडले कुठे? जनुकाची नक्कल काढून ती एखाद्या निरुपद्रवी जीवाणूत बसवली, की तो जीवाणू हवे ते प्रथिन तयार करून देतो. इन्सुलिन असेच बनते. पण इथे गंमत अशी, की जीवाणूला मारणारे विष जीवाणूकडूनच बनवून घ्यायचे! म्हणून ते आधी दुसऱ्या प्रथिनाला जोडून निष्प्रभ ठेवतात आणि नंतर कापून वेगळे करतात. त्यात खर्च वाढतो. शिवाय माणसाच्या रक्तातील विकरे त्याचे लवकर तुकडे करतात. प्रयोगशाळा आणि दवाखाना यांच्यामधले हे अंतर पैशाचे आणि चिकाटीचे आहे. ते केवळ नफ्याच्या हिशेबावर सोडले, तर आपल्या रानातल्या अळीचे औषध उद्या आपल्यालाच महाग पडेल.

तोवर हातात आहे ते आपण उधळतो आहोत. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्याच वर्षी भारत सरकारला कोलिस्टिन हे अखेरचे अस्त्र कोंबड्या-जनावरांसाठी वापरण्यास बंदी घालावी लागली. आणि घरोघरी? सर्दीला प्रतिजैविक, ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. अळीचे औषध तिच्या अंगापुरते. ओला पाला, कोंदट शेड, उन्हाचा तडाखा यांनी जंतू वाढले, की ते पुरे पडत नाही. आणि रोग विषाणूचा असेल, तर या जीवाणूनाशकांवर भिस्त ठेवता येत नाही. मावशींनी या खेपेला शेड धुऊन चुना मारला होता, पालाही कोरडा करून घातला होता. अळीच्या जनुकातले औषध येईल तेव्हा येवो. तोवर मावशींचा चुना आपल्यालाही पुष्कळ शिकवून जातो.