सही हवी? आधी प्रश्न पाठवा

व्याख्यान संपले की मुले वह्या घेऊन व्यासपीठाकडे धावत, आणि जयंत नारळीकर सही द्यायला नकार देत. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही असेलच, असे ते सांगत. नुसती हौस असलेला तिथेच गळे. उरलेल्यांना घरी जाऊन प्रश्न शोधावा लागे, आणि चांगला प्रश्न शोधणे उत्तर पाठ करण्यापेक्षा अवघड असते हे त्यांना आपोआप कळे.

२० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८६ व्या वर्षी नारळीकर गेले. त्यांच्यावर लिहून झाले, सभा झाल्या. त्यांनी जे काम उभे केले ते पुढे कोण करणार, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

त्यांची शास्त्रज्ञ म्हणून कारकीर्द थोडक्यात सांगता येते. जन्म १९३८ मध्ये कोल्हापूरला, बालपण बनारसला, शिक्षण केंब्रिजला. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, आणि २६ व्या वर्षी पद्मभूषण. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. एवढे मिळवलेल्या माणसाने मराठीत गोष्टी लिहायला बसावे, असे त्या काळी कुणाला सुचले नसते. त्यांना सुचले. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. होतात. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंनी उतरवून काढली. पहिले बक्षीस जगतापांनाच मिळाले! नावाच्या वजनावर नको, लिखाणाच्या गुणावर निकाल लागू दे, हा त्यातला आग्रह पुढे आयुष्यभर दिसतो.

आकाश मराठीत समजावून सांगण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, पेशाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा १८९६ चा ग्रंथ अभ्यासकांना ठाऊक असतो. पण त्याआधी त्यांनी 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हे पुस्तक सामान्य वाचकासाठी लिहिले होते. नावातच सगळे आले. आज रत्नागिरीतल्या किती शाळांमध्ये दीक्षितांचे नाव मुलांच्या कानावर पडते?

१९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी करताना नारळीकरांनी संशोधनाच्या शेजारीच शाळकरी मुलांना जागा दिली. शनिवारची व्याख्याने सुरू झाली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली आणि तिच्या इमारतीचे नाव ठेवले 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला ताराही तोच आणि देणगीदाराची आठवणही त्यातच.

पण त्यांच्या कामातला सर्वांत धाडसी भाग, आमच्या मते, वेगळाच होता. फलज्योतिषावर टीका करणारे शास्त्रज्ञ पुष्कळ. ती तपासून पाहायला बसणारे थोडे. नारळीकरांनी प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह चाचणी आखली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका एकत्र केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवल्या आणि विचारले, यातली हुशार मुले कोणती, ते ओळखा. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास जमले असते. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इथे कुणाची टिंगल नव्हती की आरडाओरडा नव्हता. दावा काय, तो कसा तपासायचा आणि किती बरोबर आले तर मान्य करायचे, एवढेच आधी ठरवले होते.

हीच शिस्त आपल्या अभिमानालाही लावायला हवी. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे आपण कौतुकाने सांगतो. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. सूर्यज्वालांचा वर्णपट त्यांनी तिथूनच ऑक्टोबरमध्ये टिपला. ग्रहणाची छाया विजयदुर्गावरून गेली हे खरे, आणि तेही काही कमी नाही.

आता ग्रहणाविषयीच, कारण प्रश्न आरोग्याचा आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला मुंबईचे रस्ते ओस पडले होते. आजही सूर्यग्रहण आले की गरोदर बाईला तासन्‌तास अन्नपाण्याशिवाय अंधाऱ्या खोलीत बसवणारी घरे आपल्या आसपास आहेत. ग्रहणात सूर्यातून वेगळे किरण निघत नाहीत. चंद्र आड येतो, इतकेच. पोटातल्या बाळाला ग्रहणाचा धोका नाही. उपाशी-तहानलेल्या आईला चक्कर येण्याचा आहे. डोळ्यांचा धोका मात्र खरा आहे. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिले तर दृष्टिपटल भाजते, आणि तिथे वेदना जाणवत नसल्याने ते लगेच कळतही नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, यांतले काहीही चालत नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा वापरावा, नाहीतर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर घ्यावी.

पुढचे मोठे ग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, अर्थात श्रावणसरींनी परवानगी दिली तर. तोवर हे समजावून सांगणारी माणसे गावोगाव तयार होतील का? प्राध्यापकाच्या बढतीत शोधनिबंध मोजले जातात. शाळेत जाऊन दिलेली व्याख्याने आणि मराठीत लिहिलेले लेख कुणी हिशेबात धरत नाही. नारळीकरांना तो हिशेब करावा लागला नाही, कारण त्यांचे स्थान आधीच पक्के होते. तिशीतल्या तरुण संशोधकाला करावा लागतो. विज्ञानप्रसाराला निवड आणि बढतीच्या नियमांत गुण द्यायला विद्यापीठांनी सुरुवात करावी, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

शाळांना मात्र नियमांची वाट पाहायची गरज नाही. रत्नागिरीत वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा ८ मेच्या सुमारास, एकदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमध्ये ढग, मे महिन्यात सुट्टी. निसर्गाने आणि शिक्षण खात्याने मिळून पंचाईत केली आहे खरी. तरी अंगणात काठी रोवायला शाळा उघडी लागत नाही. मे महिन्यातल्या त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास मुलांना बाहेर बोलवा, सावली कुठे गेली ते त्यांनाच शोधू द्या. त्यांनी विचारलेला जो प्रश्न तुम्हाला सुटणार नाही, तो एका पोस्टकार्डावर लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला पाठवा. कार्ड अजून ५० पैशांतच मिळते.