घरगुती औषधविचार : हळदीचें त्रैराशिक

गेल्या महिन्यांत आमच्या वडील भगिनी आक्का कांहीं दिवसांसाठीं आमचे घरीं आल्या. त्यांच्या सामानांत हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली निघाली. वेष्टनावर 'प्राण्यांवरील प्रयोगांनीं सिद्ध' असा शिक्का होता. आक्का हृदयविकारास्तव रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेतात. आम्हीं शंका काढतांच त्या म्हणाल्या, "अरे, हळद ती हळदच! जन्मभर खात आलें, ती आतां का बाधणार आहे?" त्यांस उत्तर देण्यापूर्वीं हे 'प्रयोग' म्हणजे काय तें पाहावें, असें आम्हीं ठरविलें.

लोखंड गंजतें, तूप खवट होतें. दोहोंचें कारण प्राणवायूशीं होणारा संयोग. देहांतही प्राणवायूच्या व्यापारांत कांहीं अस्थिर अणुसमूह उत्पन्न होऊन पेशींच्या आवरणांतील स्निग्धांश बिघडवितात. हें रोखणाऱ्या पदार्थांस 'अँटिऑक्सिडंट' म्हणतात. ज्यामुळें हळद पिवळी दिसते तें कर्क्युमिन त्यांपैकींच एक.

प्रयोगशाळेंतील एक नेहमींची रीत अशी : उंदरांस कार्बन टेट्राक्लोराईड हें विष देतात. त्यानें यकृतांत तसलेच अणुसमूह उत्पन्न होऊन पेशी फुटतात व त्यांतील एन्झाइमें रक्तांत उतरतात. कांहीं उंदरांस विषापूर्वींच वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो. त्यांच्या रक्तांत तीं एन्झाइमें कमी आढळलीं, तर अर्कानें यकृत राखलें असें अनुमान निघतें. हळद, आवळा, गुळवेल यांच्या अशा प्रयोगांत अनुकूल निष्कर्ष निघालेले आहेत. तेव्हां शिक्का अगदींच खोटा नव्हे.

परंतु मात्रेचें काय? १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत उंदरांस वजनाच्या दर किलोस १ ग्रॅम कर्क्युमिन दिलें, तेव्हां त्यांतील सुमारें पाऊण हिस्सा मळावाटे निघून गेला. आम्हीं जन्मभर त्रैराशिक शिकविलें. येथेंही तें मांडून पाहूं. केवळ वजन धरिलें तर ६० किलोच्या माणसास ६० ग्रॅम येतात. पण लहान प्राण्याचा देहव्यापार शीघ्र असल्यामुळें शास्त्रज्ञ देहाच्या पृष्ठफळाचा हिशेब धरितात. त्यानें सुमारें १० ग्रॅम येतात. हळदपुडींत कर्क्युमिन शेंकडा ३ च्या आसपास. म्हणजे एका मात्रेस तीनशेंहून अधिक ग्रॅम हळद! भाजींत आपण घालतों चिमूटभर.

ही अडचण ओळखूनच कांहीं गोळ्यांत मिऱ्यांतील पायपेरीन घालतात. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या बंगळूर येथील प्रयोगांत २ ग्रॅम कर्क्युमिनासह २० मिलिग्रॅम पायपेरीन दिल्यानें माणसांत त्याचें शोषण सुमारें वीसपट झालें. मग ही हळद आपल्या स्वयंपाकघरांतली राहिली कोठें? इटलींत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या कांहीं लोकांस यकृताचा दाह झाल्यावर, २०२२ सालीं तेथील सरकारनें यकृतास हितकर अशी जाहिरात त्यांच्या वेष्टनावर करण्यास मनाई केली. उंदराचें जें यकृत राखलें, त्याच अवयवाची ही तक्रार!

दुसरेंही एक उदाहरण आहे. गाजरांतील बीटा-कॅरोटीन हाही अँटिऑक्सिडंटच. फिनलंडांत २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर त्याची व 'ई' जीवनसत्त्वाची परीक्षा झाली. १९९४ सालीं निकाल आला, तो असा कीं बीटा-कॅरोटीन घेणारांत फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें अधिक आढळला. म्हणून गाजर वाईट ठरत नाहीं. पण गाजर आणि गोळी एक नव्हेत, एवढें खास.

आम्हीं आक्कांस बाटलीसह डॉक्टरांकडे नेलें. दोन्ही औषधें एकत्र झाल्यास रक्तस्राव वाढण्याचा संभव आहे, असें सांगून त्यांनीं गोळ्या बंद करविल्या. भाजी-आमटींतील हळद मात्र चालूं ठेवण्यास सांगितलें. आक्का थोड्या रुसल्या; म्हणाल्या, "आधीं विचारायला हवें होतें खरें."

आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, 'सिद्ध' हा शब्द दिसला कीं कोणावर, किती मात्रेनें व कोणत्या विकारांत, हें विचारावें. आणि घरांतील वडील मंडळी जें जें घेतात, 'वनस्पतीचें आहे' म्हणून न वगळतां, तें सर्व डॉक्टरांस दाखवावें.