नळ आले की रसाळी

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला यायचं ठरलं की जाणता पाहुणा तिकीट काढण्याआधी फोन करतो आणि विचारतो, "तुमच्याकडे नळ कधी येणार आहेत?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न रुक्ष वाटेल. मला त्यात माया ऐकू येते. विचारणाऱ्याला ठाऊक असतं की या शहरात वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी येत नाही. कुठे पाचव्या दिवशी येतं, कुठे आठव्या. उन्हाळ्यात एखादी जलवाहिनी फुटली की गॅप आणखी वाढतो. आपल्या येण्याचा यजमानाच्या पिंपावर भार पडू नये, एवढीच त्याची इच्छा असते. घरात आल्यावरही तो 'अर्धाच ग्लास द्या' म्हणतो आणि तेवढाच संपवतो.

पाण्याच्या दिवशी नळ कधी रात्री-अपरात्री येतात. गल्लीत ज्याला आधी जाग येते तो शेजारच्या दाराची कडी वाजवतो. मोटारी सुरू होतात. टाक्या, पिंपं, हंडे, कळशा आणि शेवटी घरातली मोठी पातेलीसुद्धा भरून होतात. अशा घरात दहा-पंधरा माणसं जेवायला बोलवायची म्हणजे हात धुवायला पाणी, भांड्यांना पाणी, माठाला पाणी. शिवाय बेचाळीस अंशांच्या दुपारी कूलर एकटाच बादल्यांमागून बादल्या पितो. इतकं असूनही इथली माणसं भर मे महिन्यात पाहुणे बोलावतात, आणि मनापासून बोलावतात. याचं कारण मी अनेक उन्हाळे जवळून पाहिलं आहे. इथे कोणतंच घर एकट्याच्या बळावर पाहुणचार करत नाही. आवतन एका घराचं असतं, राबते सगळी गल्ली.

आमच्या सिडकोतल्या गल्लीत कुणाकडे रसाळी, म्हणजे आमरसाची पंगत, असली की ज्यांच्या बोअरला पाणी टिकून आहे ते आदल्या संध्याकाळीच गच्चीवरून पाइप सोडतात. रसाचं पातेलं एका फ्रिजमध्ये मावत नाही, म्हणून ते तीन घरांत वाटून ठेवलं जातं. समोरच्यांच्या सतरंज्या येतात, वरच्या मजल्यावरच्या मावशींची परात येते, कोपऱ्यावरच्या भाभींचा जादा कूलर येतो. त्याच भाभींकडून ईदला शीरखुर्म्याचा डबा आलेला असतो. डबा रिकामा परत करायचा नसतो, ही रीत त्यांच्या आईनेही शिकवली आणि माझ्याही. त्यामुळे ईदचा डबा कधी रस भरून परत जातो, कधी कुरडया भरून. या शहराविषयी बाहेर फार वेगळ्या बातम्या जातात. हा डब्यांचा प्रवास मात्र बातमीत येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

हा स्वभाव आजचा नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, ती पाण्याची सोय करूनच. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून आणणारी नहर-ए-अंबरी त्याच काळातली. पुढे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की उभी राहिली, तिचं पाणीही असंच लांबून, मातीच्या नळांमधून येतं. पर्यटक हौदातलं पाणी आणि फिरणारं जातं बघून परततात. ते जातं फिरायचं कुणासाठी, हे फार कमी जण विचारतात. दर्ग्यात उतरणारे फकीर आणि वाटसरू यांच्या जेवणाचं पीठ त्यावर दळलं जायचं. त्या हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. डोक्यावर पाणी साठलेलं असल्यामुळे भर उन्हाळ्यात ते गार राहतं, आणि तिथे यात्रेकरूंनी विसावा घ्यायचा. दुपारी दारी आलेल्या माणसाला आधी गारवा आणि मग भाकरी, एवढा विचार करून बांधलेली वास्तू आपल्या शहरात उभी आहे. घरी कुणी पाहुणे आले की मी त्यांना बीबी का मकबऱ्याआधी तिथे नेते.

दुसरी साक्ष पैठणची. सासूबाईंचं माहेर त्या तालुक्यातलं, त्यामुळे नाथांच्या वाड्यातल्या रांजणाची कथा आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्ष श्रीकृष्ण श्रीखंड्या होऊन बारा वर्षं एकनाथांच्या घरी राहिला आणि कावडीने गोदावरीचं पाणी आणून तो रांजण भरत राहिला, अशी श्रद्धा आहे. आजही नाथषष्ठीच्या आधी भाविक त्या रांजणात पाणी आणून ओततात. नाथांच्या घरी पंगत कायम असायची, आणि पंगतीला कोण बसावं यावरून त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, हे सर्वांना माहीत आहे. मला त्या कथेतला देव विशेष जवळचा वाटतो, कारण त्याने यजमानाकडचं सगळ्यात कष्टाचं काम उचललं. स्वयंपाकाचं कौतुक होतं, वाढपाचं होतं. पाणी भरणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. आमच्याकडे पंगत उठली की सासूबाई पाणी भरणाऱ्या पोरांना बोलावून सगळ्यांसमोर त्यांच्या हातावर पहिला पेढा ठेवायच्या. ती पद्धत मी सोडलेली नाही.

आता रसाळीविषयी. आमच्याकडे बहुतेक घरांत केशरचा रस होतो. मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकनही आहे. पण सासूबाई टोपलीत चार-सहा गावरान आंबे मिसळल्याशिवाय रसाला हात लावू देत नसत. गावरान आंबा दोऱ्यादोऱ्यांचा असतो, त्याचा आंबूसपणा केशरच्या गोडीला धार आणतो. आंबे सकाळी पाण्यात टाकायचे, म्हणजे त्यांची उष्णता निघते. देठाजवळचा चीक पिळून काढायचा. मग सगळ्यांनी जमिनीवर गोल बसून आंबे मऊ करायचे, पिळायचे, कोयी दुधाने धुवून घ्यायच्या. आंबे भिजवलेलं पाणी मोरीत जाता कामा नये, ते तुळशीला आणि कुंड्यांना जातं. रसात वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि वाढताना वाटीत चमचाभर साजूक तूप. सोबत पुरणपोळी, कुरडई, भजी आणि येसराची आमटी. पानं पळसाच्या पत्रावळींची. त्यामुळे घासायला भांडी कमी निघतात आणि पिंपातलं पाणी वाचतं. पाण्याची तंगी असलेल्या मुलखाने पत्रावळ सहज टाकून द्यावी, याचं मला वाईट वाटतं. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटांपेक्षा ती शंभर पटींनी बरी. जेवण झालं की तिचं खतही होतं.

त्या पंगतीतली कुरडई चैत्रातच तयार झालेली असते. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, सत्त्व काढायचं, चीक शिजवायचा आणि ऊन डोक्यावर येण्याआधी गच्चीवर कुरडया घालून मोकळं व्हायचं. हे काम एकटीने होत नाही. आज माझ्या गच्चीवर चार जणी, उद्या आम्ही चौघी तुमच्या गच्चीवर. चीक हाटायला दणकट हात लागतात, सोऱ्या दाबायला आणखी दणकट. लहान मुलं गरम चिकाची वाटी मिळावी म्हणून घोटाळत राहतात आणि मग वाळवणाची राखण करतात. बाजरीच्या खारोड्या, सांडगे, शेवया यांच्यामागे अशाच चार-पाच घरांच्या बायका असतात. आता तयार कुरडई सगळीकडे मिळते, बचत गटांच्या बायका ती उत्तम करतात, नोकरी करणाऱ्या बाईने ती विकत घ्यावी हेच योग्य. पण वर्षातून एक सकाळ तरी गच्चीवर एकत्र बसावं. त्या सकाळी कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाच्या नवऱ्याची वाळूजमधली नोकरी गेली, कुणाचा गुडघा दुखतो, हे सगळं कळतं, आणि कळल्यावर कुणीतरी उठून काहीतरी करतं. शेजारणीच्या अडचणी व्हॉट्सॲपवर कळत नाहीत. तिथे सगळ्या जणी आनंदातच असतात.

यंदाच्या उन्हाळ्यात पाहुणचाराला आणखी एक निमित्त आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला आहे, १७ मे ते १५ जून. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. हा फरक साठत जातो आणि साधारण तेहतीस महिन्यांनी एक जास्तीचा महिना धरून भरून काढला जातो. म्हणूनच वाण तेहतीस अनारशांचं किंवा बत्ताशांचं. आपल्याकडे हा धोंड्याचा महिना. लेक आणि जावई यांना लक्ष्मी-नारायण मानून जेवायला बोलवायचं आणि पुरण भरलेले धोंडे वाढायचे, अशी रीत. गेल्या वेळचा धोंडा २०२३ च्या श्रावणात, पावसाळी हवेत पार पडला. यंदा तो ऐन उन्हात आणि आंब्याच्या हंगामात आला आहे, त्यामुळे धोंडे आणि रस एकाच पानात वाढता येतील.

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. धोंड्याचं जेवण सुंदर आहे, त्यासोबत चिकटलेला आहेर नाही. जावयाला भारी कपडे, चांदीचं निरांजन, कुठे अंगठी, आणि 'त्यांच्या मोठ्या जावयाला काय घातलं' ही चौकशी. मराठवाड्यातला कापसा-सोयाबीनचा शेतकरी पेरणीच्या तोंडावर उसनवारी करून हा आहेर करतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बियाणं आणि खतांचे पैसे जावयाच्या पोशाखात घालवायला कोणत्याच देवाने सांगितलेलं नाही. जावईबापूंनीच सासऱ्यांना आधी फोन करून सांगावं, 'मामा, आम्ही जेवायला येतो, बाकी काहीही आणू नका.' हा फोन लेकीला करावा लागू नये. आणि वाणाच्या वेळी घरातल्या विधवा आत्याला, काकूला स्वयंपाकघरात थांबवून ठेवणं आता पूर्ण बंद व्हावं. पहिलं पान तिचं वाढावं. तिने जन्मभर सगळ्यांना वाढलं आहे.

अलीकडे पाहुणचार हॉटेलात आणि लॉनवर गेला आहे. बीड बायपासला एकापुढे एक लॉन आहेत. लग्नाला ते लागतात, त्याविषयी तक्रार नाही. पण घरात बारा माणसं जेवायची असली तरी 'बाहेरच जाऊ, त्रास नको' असं आता सहज म्हटलं जातं. त्रास वाचतो खरा. त्याबरोबर मुलांचं पान वाढणं, आजोबांना हात धुवायला पाणी देणं, जेवणानंतर गच्चीवर गाद्या टाकून मध्यरात्रीपर्यंत मामाच्या गोष्टी ऐकणं, हेही जातं. हॉटेलात बिल आलं की माणसं उठतात. घरच्या गच्चीवरची मंडळी अंथरुणं आवरून सकाळचा चहा घेऊनच निघतात. नाती त्या रात्रीत घट्ट होतात.

आणि आपल्या आजूबाजूला असे कितीतरी जण आहेत ज्यांना मे महिन्यात कुणाचंच आवतन येत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेली जालना, बीड, परभणी, हिंगोलीची मुलं सुट्टीत गावी जात नाहीत. मेस बंद असली तर ती वडापाववर दिवस काढतात. चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या कारखान्यांत दूरच्या राज्यांतून आलेली पोरं आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशी गेलेले आजी-आजोबा तर प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्या घरी आंब्याची पेटी येते, पण दोघांसाठी रस काढायला हात उचलत नाही. या लोकांना बोलावण्यासाठी पाच पदार्थ करावे लागत नाहीत. रस, पोळी, एक भाजी आणि माठातलं पाणी पुरतं. आजींना बोलवा आणि त्यांच्याकडूनच रसाचं प्रमाण विचारून घ्या, त्या तरतरीत होतात हे मी पाहिलं आहे.

तेव्हा या आठवड्यात आपला पाण्याचा वार बघा आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाचं आवतन चार घरांना द्या. त्यात एक घर नात्याबाहेरचं असू द्या, एक पान खोली घेऊन राहणाऱ्या एखाद्या मुलाचं असू द्या. पाणी कमी पडलं तर शेजारी मागा, संकोच करू नका, पुढच्या वेळी तुमच्याकडून जाईल. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, आणि पहिला जोराचा पाऊस पडला की रसाची चव उतरते. तोवरच दिवस आहेत.